पहाटेचे पक्षी आणि आपला पिंगळा



मंडळाच्या वर्धापनदिनी मी लोणच्यापापडाऐवजी पक्ष्यांवर बोलणार, हे ऐकून कित्येकींना हसू आले असेल. खुशाल हसा! गेल्या माघात आम्ही पाचजणी नवखे पक्षी पाहावयास पहाटेच चुडाव्याच्या शिवारात गेलो. ज्वारीवर भोरड्यांचे थवे, रेल्वेच्या तारेवर नीळकंठ, बांधावर तुरा उभारलेला हुदहुद, एवढे दिसले. परतताना विहिरीवरच्या पोकळ लिंबात पिंगळ्याची जोडी डोकावली. एकीने विचारले, "हाच का तो दुर्मिळ?"

नव्हे. दुर्मिळ तो रानपिंगळा. त्याची हकीकत कादंबरीसारखी आहे. ह्यूमसाहेबांनी १८७३ साली त्याची नोंद केली. १८८४ नंतर तो कोणाला मिळालाच नाही. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या गृहस्थाने, १९१४ साली गुजरातेत मांडवीस आपण एक मिळवला, असे सांगितले. वास्तविक तो खानदेशातलाच जुना नमुना, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला! ही लबाडी पामेला रासमुसेन या बाईंनी उघडकीस आणली. मग खोटे ठिकाण सोडून खऱ्या जुन्या ठिकाणी शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना व सोबत्यांना तो दिसला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो आढळला. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो दिवसाढवळ्या हिंडतो. आपल्या पिंगळ्याचे डोके पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, घुबडाचं तोंड पहाटे पाहतं का कुणी?" मी म्हटले, "आई, पहाटे कंदील घेऊन दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सुपातून धान्य घालतो. तो तर याच पाखराची भाषा जाणतो म्हणायचा." त्या गप्प झाल्या, पटले की नाही, देव जाणे.

आता मुद्द्याचे. ती लिंबाची पोकळी अशुभ म्हणून झाड तोडावे, असे आळीत घाटते आहे. उंदीर-किडे खाणारी ही जोडी फाल्गुन-चैत्रात त्याच ढोलीत पिले वाढवील. घरातल्या पुरुषमंडळींशी आपणच बोलावे; निदान पिले उडेपर्यंत कुऱ्हाड लागू नये.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. पाच वाजता देवळापाशी यावे. भडक लुगडे आणि वाजणाऱ्या बांगड्या नकोत.