दुसरी सनद

(ईस्ट टामाकी येथे भरलेल्या मराठी विधिज्ञांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



परिषद ऑकलंड शहराच्या मध्यभागी न घेता इथे ईस्ट टामाकीत घेतलीत, याचा मला विशेष आनंद आहे. एका बाजूला हायब्रुकची गोदामे, फिशर अँड पायकल हेल्थकेअरसारखे मोठे उद्योग आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅट बुश, ओटारा, बॉटनीची वस्ती. नोकरीचा करार, घराची खरेदी, व्हिसा, घटस्फोट, मृत्युपत्र अशी वकिलाची रोजची कामे उभी राहतात ती अशाच भागात. आणि मायदेशी वकिली केलेली, पण इथे आल्यावर पॅकिंगच्या किंवा दुकानातल्या कामावर उभी राहिलेली माणसेही तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची आहेत. मी आज बोलणार आहे ते मुख्यतः त्यांच्याशी.

इथला रस्ता आधी सरळ सांगते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सनदेवर न्यूझीलंडमध्ये वकिली करता येत नाही. आपली पदवी आणि अनुभव यांची कागदपत्रे न्यूझीलंडच्या कायदेशिक्षण परिषदेकडे मूल्यमापनासाठी द्यावी लागतात. निर्णय प्रत्येकाच्या बाबतीत वेगळा होतो. कुणाला इथल्या कायद्याची परीक्षा द्यावी लागते, कुणाला विद्यापीठात काही विषय पुन्हा शिकावे लागतात. त्यानंतर लागू असेल तर व्यावसायिक प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, लॉ सोसायटीकडून चारित्र्याचा दाखला, उच्च न्यायालयात शपथ आणि मग दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट. स्वतःचे कार्यालय थाटायचे तर आधी न्यूझीलंडमधला तीन वर्षांचा अनुभव हवा. तुमची भारतातली वीस वर्षे त्यात धरली जात नाहीत. यात पैसा जातो, वर्षे जातात. निघण्यापूर्वी हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे आल्यावर माणूस खचतो.

नव्याने पात्रता मिळवण्याची ही अट अन्यायाची आहे असे आपल्यात पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. जमिनीचेच पाहा. आपल्याकडे जमीन घेताना वकील तीस वर्षांचा सर्च घेतो, सातबारा, फेरफार, इंडेक्स टू तपासतो, वारसांच्या संमती गोळा करतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, आणि तरी त्याच्या मनात धाकधूक राहते. कारण तिथे नोंदणी होते ती दस्ताची. मालकीची हमी सरकार घेत नाही. इथे टॉरेन्स पद्धत आहे. २०१७च्या लँड ट्रान्सफर ॲक्टप्रमाणे नोंद झाली की मालकी मिळते आणि त्या नोंदीमागे राज्य उभे असते. मुद्रांक शुल्क १९९९ सालीच रद्द झाले. दुय्यम निबंधकासमोर साक्षीदार घेऊन बसणे नाही. व्यवहार लँडऑनलाइन या सरकारी संगणक प्रणालीवर होतो. काम सोपे झाले असे वाटेल, पण त्याचा भार वकिलाच्या प्रमाणपत्रावर येतो. पक्षकाराची ओळख त्याने पटवायची, अधिकार त्याने तपासायचा, आणि घराची रक्कम ट्रस्ट अकाउंटमध्ये सांभाळून वेळेवर पोचवायची. पक्षकाराचे एवढे पैसे आपल्या हातून जाण्याची सवय जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला सहसा नसते. ती शिस्त शिकूनच घ्यावी लागते.

मोटार अपघाताच्या दाव्यांवर आपल्याकडे कित्येक वकिलांचे संसार उभे आहेत. इथे १ एप्रिल १९७४ पासून अपघात नुकसानभरपाईची सार्वजनिक योजना आहे. चूक कुणाची हे न पाहता जखमी माणसाला उपचार आणि भरपाई मिळते, आणि त्याबदल्यात शारीरिक इजेच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क जातो. पंधरा वर्षे न्यायाधिकरण गाजवलेला वकील इथे उतरतो तेव्हा त्याचे क्षेत्रच अस्तित्वात नसते.

सगळ्यात अवघड जाते ती घटना. केशवानंद भारती खटल्यावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना न्यायालय कायदा रद्दबातल ठरवते हे गृहीतच असते. इथे राज्यघटना एका पुस्तकात नाही, संसद सर्वोच्च आहे, आणि १९९०च्या बिल ऑफ राइट्सशी विसंगत असला तरी संसदेचा कायदा न्यायालय मोडीत काढू शकत नाही. त्यासोबत १८४०चा वाइटांगीचा करार आहे, माओरी समाजाची टिकांगा म्हणजे रीतिनियमांची परंपरा आहे, आणि २०२२च्या एलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने टिकांगाला इथल्या कायद्यात असलेले स्थान स्पष्टपणे मान्य केले आहे. हे न शिकता या भूमीवर वकिली करणे म्हणजे यजमानाला न ओळखता त्याच्या घरात सल्ला देणे होय.

मग भारतातून आपल्याबरोबर येते काय? साक्षीदाराला कोणत्या क्षणी थांबवायचे याची जाण येते. घाबरलेल्या पक्षकाराच्या दोन तासांच्या बोलण्यातून चार मुद्दे काढण्याची ताकद येते. निकालपत्रातला आधार आणि अनुषंगिक मत वेगळे करण्याची दृष्टी येते. कॉमन लॉचे मूळ दोन्हीकडे एकच आहे, म्हणून ही कमाई वाया जात नाही.

वकिलीसाठी थांबावे लागण्याचा विषय निघाला की नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याच्या बीसीएल पदवीची परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून ना पदवी मिळाली ना वकिलीचा हक्क. १८९७ साली याच न्यूझीलंडमध्ये एथेल बेंजामिन वकील झाल्या, कारण आदल्याच वर्षी संसदेने स्त्रियांसाठी कायदा केला होता. सोराबजींना मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात त्यांनी पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या कामाला वाहून घेतले. नवऱ्याच्या वर्क व्हिसाबरोबर सांगली-कोल्हापुराहून आलेल्या आणि आता आपली वकिली संपली असे मानणाऱ्या माझ्या भगिनींना मी आग्रहाने सांगते की अर्ज भरा. तोवर लीगल एक्झिक्युटिव्हचे काम मिळाले तर घ्या, कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये स्वयंसेवक म्हणून जा. ते काम वकिलाच्या कार्यालयाच्या आतले आहे आणि त्यातून इथला व्यवहार हाताला लागतो.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. ओळखीतल्या कुणी व्हिसाचा फॉर्म पाहून द्या म्हटले की मदतीच्या भावनेने आपण सल्ला देऊ लागतो. २००७च्या कायद्यानुसार इमिग्रेशनचा सल्ला परवानाधारक सल्लागार किंवा प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट असलेला वकील अशा मोजक्यांनाच देता येतो. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास सात वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पुण्यात बसून सल्ला देणाऱ्यालाही हा कायदा लागू होतो. आणि चारित्र्याच्या दाखल्याची वेळ येते तेव्हा अशी एखादी तक्रार सगळी मेहनत बुडवते.

आता ज्यांच्याजवळ इथली सनद आहे त्यांच्याशी दोन शब्द. परीक्षा पास होऊनही पहिली नोकरी न मिळणे, हा या रस्त्यावरचा खरा अडसर आहे. इथल्या अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही. कायद्याने घातलेली अट योग्य आहे, पण ही दुसरी अट आपणच घातली आहे आणि ती आपणच काढू शकतो. या भागात कामगारांच्या तक्रारी कमी नाहीत. पर्सनल ग्रीव्हन्स म्हणजे मालकाविरुद्धची तक्रार साधारणतः नव्वद दिवसांत मांडावी लागते हे कितीजणांना वेळेत कळते? त्यांच्या भाषेत त्यांना ते समजावणारा माणूस आपल्या कार्यालयाला हवाच आहे. आज घरी जाण्यापूर्वी तुमच्यापैकी प्रत्येक भागीदाराने आणि प्रत्येक बॅरिस्टरने नव्याने आलेल्या एका वकिलाचे नाव लिहून घ्यावे, त्याला किंवा तिला पगारावर आपल्या टेबलाशी बसवावे, आणि मानुकाऊच्या जिल्हा न्यायालयात जाताना सोबत न्यावे, एवढी माझी विनंती आहे.