गाण्यात शिकून पोट भरतं का?

मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही. मुलीच्या एम.ए.च्या फीसाठी, आणि तेही संगीतात. त्या घरात तीन पिढ्या हलगी आहे. मुलीनं संगीत घेऊन बी.ए. केलंय. अर्ज वाचून झाल्यावर एक ताई म्हणाल्या, "गाण्यात शिकून पोट भरतं का गं?" कुणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. आज त्यावरच बोलते.

कॉलेजात संगीत शिकवायचं तर एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५० चालतात. त्यानंतर नेटची परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते. त्यात जे वरच्या क्रमांकानं येतात त्यांना पीएच.डी. करताना फेलोशिप मिळते. फेलोशिप म्हणजे कर्ज नव्हे, परत काही फेडायचं नसतं. २०२३ पासून ही रक्कम पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये आहे. अभ्यास करणाऱ्या मुलीच्या हातात एवढा पैसा आला की घरातली माणसं "कधी संपणार तुझं शिक्षण" हे विचारायचं थांबतात, हे मी बघितलंय.

वयाची गोष्ट आयांनी नीट ऐका. या फेलोशिपला वयाची अट तीस वर्षांची आहे, पण बायांना पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे पस्तीसपर्यंत. बाविसाव्या वर्षी "आता उशीर झाला" म्हणून मुलीला बोहल्यावर चढवायची काही घाई नाही. आणि नुसतं शिकवायला पात्र व्हायचं असेल तर नेटला वयाची अटच नाही. दोन लेकरांची आईसुद्धा बसू शकते.

आता त्या खुर्चीवर बसतं कोण? डॉ. प्रभा अत्रे यांचं नाव रेडिओवर तुम्ही ऐकलं असेल. आईची तब्येत बरी नसायची म्हणून घरी गाण्याची शिकवणी लावली. आईचं गाणं सुटलं, लेकीचं सुरू राहिलं. पुढं १९७९ ते १९९२ त्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. बाईनं विज्ञानाची आणि कायद्याचीही पदवी घेतली होती. पण त्यांचे आईवडील शिक्षणाच्या क्षेत्रातले होते. ज्या घरात हलगी, संबळ, ढोलकी पिढ्यान्‌पिढ्या वाजली, त्या घरातली मुलगी प्राध्यापिका झालेली किती जणींनी पाहिली आहे? कला आपल्या वस्तीत आणि पगार दुसरीकडे, असं चाललंय. लग्नात हलगी हवी, पण वाजवणाऱ्याला पंगत शेवटची, हेही आपल्याच गावात घडत आलंय.

म्हणून काही फेलोशिप अशाच घरांसाठी वेगळ्या ठेवल्या आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वर्षाला २,००० आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ७५० जागा आहेत. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी आहे. गोंधळी, कोल्हाटी अशा भटक्या-विमुक्तांसाठी आणि ओबीसींसाठी महाज्योती आहे. या सगळ्या पीएच.डी.साठी आहेत, कुठल्याही एका विषयासाठी नाहीत. संगीतालाही चालतात, एवढंच लोकांना माहीत नसतं.

अडचणीही सांगते. नेटचा संगीताचा पेपर मराठीत नसतो, हिंदी किंवा इंग्रजीत असतो. हातातली लय तिथं कामाची नाही. राग, ताल, घराणी, ग्रंथ हे सगळं पाठ हवं. जिचा ओढा लोककलेकडं आहे तिच्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत एम.ए. आहे, आणि नेटमध्ये लोकसाहित्य हा वेगळा विषयही आहे. जात्यावरच्या ओव्यांवर कुणाला पीएच.डी. करायची असेल तर माहिती सांगणाऱ्या बाया आपल्याकडं ढिगानं आहेत!

आणखी एक वाट आहे, मला ती फार आवडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमात कलावंतांसाठी दार ठेवलंय. विषयातली पदवी, नावाजलेल्या गुरूकडं शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी आणि विषय समजावून शिकवायची हातोटी असेल, तर एम.ए. आणि नेटशिवायही सहायक प्राध्यापक होता येतं. वाट सोपी नाही. 'ए' श्रेणी मिळायला वर्षं जातात. पण यातही पदवी लागतेच, म्हणून बी.ए. अर्धवट सोडू देऊ नका.

पोरगी अजून लहान असेल, १८ ते २५ मधली, आणि गुरूकडं पाच वर्षं शिकलेली असेल, तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची महिन्याला ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती दोन वर्षं मिळू शकते. त्यात लोककलाही धरतात.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. कायम जागा थोड्या निघतात, बरेच जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतात. फेलोशिपचे पैसेही दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून चालू नका. कधी चार-सहा महिन्यांचे एकदम जमा होतात. खोलीभाडं आणि खानावळ तेवढं थांबत नाही. ही मधली फट आपला गट भरून काढू शकतो. त्या हलगीच्या घराला आम्ही कर्ज दिलं ते याच हिशोबानं.

कागद आत्तापासून जमवा. जात प्रमाणपत्र, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, ओबीसी आणि भटक्यांसाठी नॉन-क्रिमिलेअर. बँक खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं, बापाच्या नावावरचं चालत नाही. जात वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्याचा अर्ज आधी टाका.