रामायणाचे पुनर्दर्शन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २८ मार्च २०२० रोजी दूरदर्शनवर पुन्हा अवतरले, तेव्हा आम्हांस जो आनंद झाला तो आमच्या वयास व हुद्द्यास शोभणारा होता असे म्हणवत नाही. टाळेबंदी जाहीर होऊन चारच दिवस झाले होते. प्रक्षेपण दिवसातून दोनदा, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. २५ जानेवारी १९८७ रोजी ही मालिका प्रथम सुरू झाली, तेव्हा पुढील भागासाठी रविवारपर्यंत थांबावे लागे. मराठी माणसास ते थांबणे नवे नव्हते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी अशीच आठवडा-आठवडा वाट पाहिली होती.

कथा तर सर्वांस ठाऊक. ओढ होती ती त्या माणसांची. परप्रांतात हयात घालविलेल्या आम्हां मंडळींस त्या अयोध्येत आपलीच माणसे भेटत. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर, प्रत्यक्षातही पतिपत्नी. भरत संजय जोग. मंथरा ललिता पवार. ‘ही आमची बरे का’, असे आम्ही शेजारच्या हिंदी भाषिकांस मोठ्या तोऱ्याने सांगत असू, मंथरेच्या बाबतीतही!

पुनर्दर्शनाच्या वेळी मात्र संजय जोग, ललिताबाई आणि जयश्रीबाई हयात नव्हत्या. शिवाय आमच्यापैकी कित्येकांची मुले दूरच्या शहरांत अडकून पडली होती. रामास वनवासाला निरोप देणारी कौसल्या अशा वेळी पाहणे सोपे नव्हते.

आकाशात दोन बाण एकमेकांकडे इतक्या संथपणे निघत की, तेवढ्यात चहाचे आधण ठेवून येता येई. नव्या पिढीस त्याचे हसू आले. हसोत बापडी! रात्री नऊला आमच्या आधी जागा धरून तीच बसत.

१६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. आम्हांस त्या आकड्याहून २ एप्रिलचा दिवस अधिक स्मरतो. त्या दिवशी रामनवमी होती. मंडळाच्या सभागृहास कुलूप, जन्मोत्सवाचा पाळणा आत कपाटात. सभासदांनी आपापल्या घरी दूरदर्शनसंचापुढेच सुंठवडा ठेवला, आणि दुपारी बारा वाजता दूरध्वनीवरून तो एकमेकांस पोहोचता केला.