गळतंय कुठून?

(गणेशोत्सवातल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादकांच्या आग्रहावरून बोललो तसाच लिहून दिला आहे.)

माझ्या आधी एका वहिनींनी बोन्साय दाखवले, एका काकांनी बासरी वाजवली, आणि आता मी तुम्हाला गाडीच्या खालचं तेल दाखवणार आहे. ज्यांना चहा घ्यायचा आहे त्यांनी आत्ताच उठलं तरी चालेल!

मी व्यवसायाने आयटी सल्लागार. राहायला उंटरश्लाइसहाइमला, एस-१ च्या रुळांपासून पाच मिनिटांवर. २०२२ साली मी एक जुनी गाडी घेतली. बीएमडब्ल्यू ३२८ आय, १९९७ चं मॉडेल. आमच्या सौ.चं मत होतं की त्या पैशात भारताची चार तिकिटं आली असती. पण या गाडीला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणून मी हट्टाला पेटलो.

डिफरन्शियल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक फरफटणार. डिफरन्शियल त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतं. पण साध्या डिफरन्शियलमध्ये एक खोट आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक बर्फावर आलं की ते गरगर फिरतं, आणि दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. गाडी जागेवर! १९३० च्या दशकात आउटो युनियनच्या रेसिंग गाड्यांचं एक चाक असंच भलत्या वेगालाही घसरायचं. तेव्हा फर्डिनांड पोर्शे यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून त्यावर तोड काढून घेतली. माझ्या गाडीत आतमध्ये क्लचच्या चकत्या आहेत. एक चाक फार पळायला लागलं की त्या त्याला धरतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो.

तर २०२४ च्या वसंतात गाडीची दोन वर्षांची तपासणी आली. तपासनिसाने गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि म्हणाला, “तेल ठिबकतंय.” नुसता ओलसरपणा असता तर कदाचित शेरा मारून सोडून दिलं असतं. ठिबकणं हा मोठा दोष. एका महिन्यात दुरुस्त करून परत दाखवा! आणि त्याचं बरोबरच होतं. ते तेल मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या चाकाखाली जातं. शिवाय डिफरन्शियल कोरडं पडलं तर आतले दाते आणि बेअरिंग खलास.

मी इंजिनिअर ना? लगेच निदान केलं. डावीकडे, जिथून चाकाचा शाफ्ट बाहेर पडतो, तिथे ओलं होतं. म्हणजे ऑइल सील गेलं. रस्त्यावर किंवा भाड्याच्या पार्किंगमध्ये असली कामं इथे करता येत नाहीत, म्हणून तासावर लिफ्ट भाड्याने देणाऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो. शाफ्ट सोडवला, फ्लँज ओढून काढली, नवीन सील ठोकलं. चार तास गेले. घरी येताना शीळ घालत होतो. दहा दिवसांनी बघतो तर पुन्हा ठिबक! मी म्हटलं, सीलच खराब निघालं. दुसरं मागवलं.

त्याच आठवड्यात बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. बाबांनी तेहेतीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये काढली. खरं सांगायचं तर शाळेत असताना त्यांच्या नखांतलं काळं मला लपवावंसं वाटायचं. पालकसभेला आईनेच यावं असा माझा हट्ट असे. बाबा कधी काही बोलले नाहीत. फक्त “तू हात काळे करू नकोस, शीक,” एवढंच म्हणायचे.

दुसऱ्या सकाळी ते गाडीपाशी गेले. खाली पडलेल्या थेंबाला बोट लावलं, वास घेतला. “हिंगासारखा येतोय. गियरचं तेल आहे, ब्रेकचं नाही.” मंडळी, हे खरं आहे. गियर तेलात गंधकाची संयुगं असतात, आणि हिंगाच्या वासाचं कारणही तेच. ब्रेकचं तेल पातळ असतं, त्याला हा वास नसतो. ते चाकाच्या आतल्या बाजूला दिसलं तर गाडी हलवायचीच नाही. आणि काळं, घट्ट, गोल शिंतोडे उडालेले दिसले तर ते शाफ्टच्या फाटलेल्या रबरी बुटातलं ग्रीस.

बाबा वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर आले. मी थेट पान्याला हात घातला. “अरे, थांब. आधी पूस.” सगळं घर ब्रेक क्लीनरने स्वच्छ करायला लावलं. वाळल्यावर त्यावर टाल्कम पावडर! आमच्या सौ.चा डबा निम्मा झाला. मग ए-९२ वरून फ्रायझिंगपर्यंत जाऊन आलो. वाऱ्याने तेल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. पावडरीत ती स्पष्ट दिसते. आमच्याकडे डावं सील ओलं होतंच, पण उजवंही किंचित आणि पुढचं पिनियनचंही किंचित. बाबा म्हणाले, “तीन सिलं एकदम कशी जातील? गाडी श्वास कुठून घेते?”

मला कळेना. त्यांनी हातमोजे घालायला लावले आणि तेल भरायचा बोल्ट हळूहळू सैल करायला सांगितला. फुस्स! आतून हवा सुटली.

गणित सोपं आहे. थंड गाडी वीस अंशांवर असते. पळाल्यावर घर नव्वदपर्यंत गेलं तर आतल्या हवेचा दाब जवळजवळ पाव पटीने वाढतो. तो सोडायला घराच्या वरच्या बाजूला एक छोटा व्हेंट असतो, खालून सहज न दिसणारा. तो बुजला की हवा सिलांच्या ओठांतून वाट काढते आणि तेलाला बरोबर घेऊन येते. बाबा म्हणाले, “आमच्याकडे धुळीने बुजायचा. तुझ्याकडे कशाने बुजला?”

आणि मला घाम फुटला. आदल्या ऑक्टोबरमध्ये मिठापासून गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला मेणाचा फवारा मीच मारला होता. कुठे मारतोय ते न बघता! ऑफिसात काही बिघडलं की माझा पहिला प्रश्न असतो, “शेवटचं काय बदललं?” हा प्रश्न मी गाडीला एकदाही विचारला नव्हता.

व्हेंट साफ केला. फ्लँज काढल्यावर बाबांनी तिच्यावरून नख फिरवलं. चरा पडला असेल तर नवीन सीलही टिकत नाही. चरा नव्हता. सील बदललं. पिनियनच्या सीलला मात्र हात लावू दिला नाही. त्याचा नट अंदाजाने आवळला तर बेअरिंगवरचा ताण बिघडतो, ते काम जाणत्याचं. मग सपाट जमिनीवर, भरायच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरलं. तेल लिमिटेड स्लिपसाठीचंच हवं. साधं घातलं तर सावकाश वळताना क्लच कुरकुरतात. भरायचा बोल्ट उघडतो याची खात्री झाल्याशिवाय काढायचा बोल्ट कधी सोडू नका! जुनं तेल दुकानात परत दिलं. जेवढं विकलं तेवढं परत घेणं इथे दुकानदारावर बंधनकारक आहे, पावती तेवढी जपा.

महिना संपायला दोन दिवस असताना गाडी पास झाली. पुढचं सीलही आपोआप कोरडं पडलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी आम्ही दोघं साबण लावून हात धूत होतो. बाबांनी माझी नखं पाहिली आणि हसले. “शेवटी झालेच काळे.” मी म्हटलं, “बाबा, तुम्ही पालकसभेला यायला हवं होतं.” ते काही बोलले नाहीत. नखांचा ब्रश त्यांनी माझ्याकडे सरकवला.

आता दर रविवारी फोनवर नातीची चौकशी झाली की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला, “गळतंय का रे?”

नाही बाबा, गळत नाही. मंडळी, चहा अजून गरम असेल.