नष्ट करण्यात आली आहे

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय.)



आजचा विषय एक क्रियापद. मी मॅट्रिक झालेला माणूस, व्याकरण पेपरात मार्कांपुरतं आलं तेवढंच. पण गोदीत बोजा उचलणाऱ्याला एक गोष्ट कळते, वजन नेमकं कुठल्या बाजूला आहे ती. तसंच शब्दाचं बघू.

घटनेचं कलम १७ काढा. घटना समितीनं ते २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केलं. इंग्रजीत अस्पृश्यता 'अबॉलिश्ड'. हिंदीत तिचा 'अंत किया जाता है'. मराठीत ती 'नष्ट करण्यात आली आहे'. हिंदीवाला म्हणतो, आत्ता संपवतोय. मराठी वाचलं की वाटतं, काम उरकलं, झाडू मारून माणूस घरीसुद्धा गेला.

घर जळून नष्ट होतं. तसं अबॉलिश नाही. रस्त्यावरचा खड्डा अबॉलिश होत नाही, तो बुजवावा लागतो. अबॉलिश होतो कर, हुद्दा, किताब, प्रथा. म्हणजे ज्याच्या पाठीवर सत्तेचा हात होता, तो हात काढून घेतला. एवढाच त्याचा अर्थ. पाठ तिथंच असते.

म्हणून कलम कुचकामी, असं म्हणणारे शहाणे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही. हे क्रियापद एकटं आलेलं नाही. मागोमाग लिहिलंय, अस्पृश्यतेचं आचरण निषिद्ध, आणि तिच्यापायी कुणाला अडवणं हा गुन्हा. त्यावर १९५५ चा कायदा उभा राहिला, पुढं १९८९ चा अॅट्रॉसिटीचा. चौकीत फौजदारासमोर मान वर करून बोलता येतं ते या पुढच्या वाक्यामुळं. ज्या 'नष्ट'च्या मागं शिक्षा नाही तो नुसता बँडबाजा.

शिक्षा लिहिली तरी ती द्यावी लागते. हातानं मैला साफ करून घेण्यावर १९९३ ला कायद्यानं बंदी आली. २०१३ ला पुन्हा नवा कायदा. एकच गोष्ट दोनदा का बंद करावी लागते? गटारात उतरून गुदमरून मरणाऱ्याला विचारा. पण तो कसा सांगणार?

आता दुसरा शब्द, 'खालसा'. शाळेत शिकलो, डलहौसीनं १८४८ ला सातारा खालसा केला. म्हणजे गिळला. तोच शब्द आपल्या घरात आहे, महारकी वतन खालसा झालं. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाबद्दल बिल आणलं. कायदा झाला १९५८ चा. वेठ गेली, चांगलं झालं. पण जमीन? आधी सरकारजमा, मग रक्कम भरा आणि परत घ्या. पिढ्यान्‌पिढ्या राबला त्यानंच वर पैसे मोजायचे!

तिसरा शब्द माझ्या खिशात आहे, ठेकेदाराच्या पासावर. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा. नावातच दोन क्रिया, 'नियमन व निर्मूलन'. एका हातानं पाळायचं, दुसऱ्या हातानं उपटायचं. ३० ऑगस्ट २००१ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात निकाल दिला. समोर गोदीकामगारांचीच युनियन होती. निकाल असा, की ठेका पद्धत बंद झाली म्हणून ठेक्यावरचा कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. ठेका निव्वळ देखावा असेल, तर ते वेगळं सिद्ध करत बसा. म्हणजे निर्मूलन पद्धतीचं, आणि रस्त्यावर कोण? माणूस. पुढं २०२० च्या संहितेत त्या १९७० च्या कायद्याचंच निरसन लिहिलं. नव्या नावात 'निर्मूलन' हा शब्दच नाही. कटकट मिटली!

आता कर्ता शोधा. नष्ट करण्यात आली, खालसा झालं, निरसन झालं. कुणी केलं? वाक्यात माणूसच नाही. आणि कर्मही तपासा. कलम १७ अस्पृश्यतेला हात घालतं, जातीला नाही. बाबासाहेबांनी १९३६ ला जातीसाठी अबॉलिशन शब्द घेतला नाही. त्यांनी घेतला अॅनिहिलेशन. ते काम गॅझेटचं नव्हेच.

२५ डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली. कुठल्या सरकारनं ती रद्द केली नव्हती. गावोगाव आपल्या आज्या-आजोबांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं. बहिष्कार सोसला, उपाशी राहिले, पण सोडलं. त्या वाक्यांना कर्ता आहे. आम्ही जाळली. आम्ही सोडलं.

तेव्हा दोस्तांनो, स्टेजवरून कुणी म्हणालं 'अमुक नष्ट करण्यात आलं आहे', तर टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. कुणी केलं? नेमकं काय संपलं? आणि ज्याच्या अंगावर ते होतं, त्याच्या हातात आता काय आहे? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

जय भीम.