शिबिरातील संघनायक



गेल्या शनिवारी तालुक्यातील एका शाळेचे स्काऊट पथक बोरी नदीकाठच्या शेतात मुक्कामास होते. मीही रात्री तेथेच राहिलो. सरपण ओले असल्यामुळे चूल पेटेना. धूर मात्र भरपूर. मुले भुकेली होती. “गुरुजी, जरा पाहा,” असे मीच म्हणालो. गुरुजींनी आपल्या हाताने काटक्या रचल्या आणि जाळ झाला. खिचडी वेळेवर शिजली. परंतु बाजूस सरलेला संघनायक त्या रात्री कोणाशी बोलला नाही. त्याचे काम आपण काढून घेतले, हे आम्हां दोघांच्याही उशिराच ध्यानी आले.

१९०७ साली ब्राऊनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर भरविले. तेथे सुमारे वीस मुलांचे चार संघ पाडून प्रत्येक संघ एका मुलाच्याच हाती सोपविला होता. पाणी, विस्तव, विंचूकाटा यांवर आपली नजर हवीच. सांगितल्यावाचून कोणी नदीत उतरता कामा नये. खिचडी मात्र करपली तर करपू द्यावी.

पुढील महिन्यात पथके पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्यावर जातील. तटाची लांबी पावलांनी व बुरुजाची उंची सावलीवरून काढावयाची आहे. सपाट जागी काठी उभी रोवून तिची व बुरुजाची सावली एकाच वेळी मोजावी. काठीची उंची तिच्या सावलीच्या जितकी पट, तितकीच पट बुरुजाची. ही रीत संघनायकांस आदल्या दिवशी वर्गात समजावून द्यावी. किल्ल्यावर टेप त्यांच्याच हाती राहील. बोरीकाठच्या त्या मुलाच्या संघाकडे बुरूज दिला आहे.