नारिंगी गाडीचं पुढे काय झालं

(आपल्या मंडळाच्या सभेत आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

बाप्पाच्या अंकासाठी भाषण लिहून द्या असा हुकूम झाला, म्हणून बोललो तसंच लिहितो आहोत.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. नायगारा बघून झाला, तेव्हा आम्ही त्याला म्हटलं, आता इंडियानातल्या ऑबर्न गावी ने. तिथे काय आहे, त्यानं विचारलं. म्हटलं, आपल्या महाराजांच्या गाडीचं माहेर. खरं तर आजोळ म्हणायला हवं, कारण कारखाना इंडियानापोलिसला होता आणि ऑबर्नला मालक कंपनीची कचेरी. १९३०ची ती इमारत आता मोटारींचं संग्रहालय आहे. आपली गाडी तिथे नाही हे आम्हांला ठाऊक होतं. तिची भावंडं मात्र भेटली.

आपली गाडी म्हणजे यशवंतराव होळकरांची १९३५ची ड्यूसेनबर्ग एसजे. महाराजांना १९३०मध्ये राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. माणिकबाग त्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. गाडीचंही तसंच. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचं, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, आराखडा मॅकनील यांचा. लांबलचक नाक, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, रंग नारिंगी आणि काळा. इंजिनात एका ओळीत आठ सिलिंडर, वर सुपरचार्जर, ताकद ३२० अश्वशक्ती. त्या काळी पुष्कळ गाड्यांना याच्या चौथाईवर समाधान मानावं लागे.

इथे आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एकाला ही गाडी म्हणजे इंदूरची शान वाटते. दुसरीचं म्हणणं असं, की मालवा मिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्यानं त्या गाडीकडे कसं पाहिलं असेल, तेही सांगा. वाद अजून मिटलेला नाही.

इतकी उत्तम गाडी बनवणारी कंपनी १९३७मध्ये बुडाली कशी? १९२८च्या डिसेंबरात त्यांनी मॉडेल जे आणलं. नुसत्या सांगाड्याला साडेआठ हजार डॉलर. बॉडी गिऱ्हाइकानं वेगळी करून घ्यायची. तेव्हा फोर्डची साधी गाडी पाचशेच्या आसपास मिळे. वर्षभराच्या आत शेअरबाजार कोसळला. सगळ्या वर्षांत मिळून जेमतेम ४८० गाड्या निघाल्या. संस्थानिक आणि सिनेनट यांच्या जिवावर कारखाना किती दिवस चालणार?

मग उंची गाड्यांच्या बाजारात उरले मुख्यतः पॅकार्ड आणि कॅडिलॅक. त्यांची गोष्ट आम्हांला जास्त बोधप्रद वाटली. मंदीत पॅकार्डनं १९३५मध्ये हजार डॉलरच्या घरातली '१२०' काढली. ती धडाक्यानं खपली, कंपनी वाचली. पण पेढी एकच, नाव एकच, नि त्याच नावावर स्वस्त माल आणि भारी माल. आपल्याकडे शालूच्या दुकानात पंचे विकायला ठेवले तर काय होईल, तसं. कॅडिलॅकनं उलट केलं. तिची स्वस्त धाकटी बहीण होती लासाल, ती १९४०नंतर बंदच करून टाकली. खालच्या गिऱ्हाइकासाठी जनरल मोटर्सकडे शेव्हरोलेपासून बुइकपर्यंत पायऱ्या होत्याच. शिवाय बुइक, ओल्डस्मोबील आणि कॅडिलॅकच्या मोठ्या गाड्यांच्या बॉडीचा मूळ साचा सामाईक, म्हणजे साच्यांचा खर्च वाटला जाई. आठ भावांत एक विहीर खणावी तसा.

त्या साच्यावर वेगळेपण आणायचं काम हार्ली अर्ल यांच्या हाताखालचे चित्रकार करत. १९४८च्या कॅडिलॅकला मागे जे बारके पंख फुटले, ते लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले. पुढल्या वर्षी नवं व्ही-आठ इंजिन आलं. १९५०मध्ये कॅडिलॅकनं वर्षाला लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. पॅकार्डला १९५४मध्ये स्टुडबेकरशी सोयरीक करावी लागली आणि १९५८मध्ये ते नावच संपलं. पंख मात्र वाढतच गेले. १९५९ची कॅडिलॅक पाहिली की उडेल असंच वाटतं. आमच्या मते १९४८चीच देखणी.

आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८पासून आणलेले भाग जोडून गाड्या उभ्या करी. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरनं क्रायस्लरशी करार करून १९४७मध्ये आपली पहिली गाडी बाहेर काढली. पुढे सरकारनं सांगितलं, नुसती जोडणी नको, इथे बनवा. तेव्हा १९५४च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. प्रीमियरनं फियाट धरली. संस्थानं तोवर विलीन झाली होती. आपलं इंदूर १९४८मध्ये मध्यभारतात गेलं. मोठ्या गाड्या पोसणारे हात आखडले आणि बऱ्याच गाड्या परदेशी गेल्या. महाराजांची ड्यूसेनबर्गही अमेरिकेला परत गेली. माणिकबागेत आता अबकारी खात्याची कचेरी आहे.

ऑबर्नला एक गोष्ट मनाला लागून राहिली. कुठल्या गाडीची बॉडी कोणी घडवली, पहिला मालक कोण, सगळं तिथे लिहिलेलं. आणि आमच्याकडे काय आहे, तर एक फोटो. पाताळपाणीची सहल, आजोबांच्या एका अशिलाची बुइक, सगळी मंडळी गाडीला टेकून. मागे शाईनं आजोबांचं, अशिलाचं, काकांचं, आत्याचं नाव आहे, बुइकचंसुद्धा आहे. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या, टोपी हातात धरलेल्या ड्रायव्हरचं नाही.

तुमच्या घरीही असे फोटो असणार. दसऱ्याच्या आत ते मंडळाच्या कचेरीत आणा. आम्ही प्रती काढून मूळ फोटो परत करू. घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आधी त्यांच्यासमोर धरा आणि ड्रायव्हर कोण, मिस्त्री कोण, विचारून मागे पेन्सिलीनं लिहा. आमच्या आत्याला विचारायचं आम्ही पुढच्या खेपेवर टाकलं होतं. ती मार्चमध्ये गेली.